एक वजा करा, सर

नाव मी घेणार न्हाय. पण ज्याला लागायचं त्याला लागंल, त्यो वाचंल तवा त्याला कळंल ही कोण, आन् न्हायच कळलं तर त्याच्या हाताखाली शिकलेली चार पोरं वळखतील आन् त्याला जाऊन सांगतील. मला तेवढं पुरे हाय. पोरगी झोळीत निजलीय, आत्या रानात गेल्यात, दोघीतली एक उठायच्या नायतर यायच्या आत लिहून टाकते. आत्या म्हंजी माझी सासू, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणत्यात.

पयली दहावीची गोष्ट सांगते, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. आई-दादा ऊसतोडीला जायचे, दादा म्हंजी माझा बाप. दसरा झाला की ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, म्या बी संगं, कधी ढोकीच्या कारखान्याकडं, कधी लई लांब, आन् माघारी यायचो तवर शाळेतल्या परीक्षा उरकलेल्या असायच्या. असं लई येळा झालं, म्हणून दहावीत म्या सगळ्या पोरींत थोरली. त्या साली दादाला म्हनलं, औंदा मला मावशीपशी ठिवा, मला पास व्हायचंय. दादा म्हनला, "ठिवतो. पर न्हाय जमलं तर लगीन." हसत म्हनला, पर म्हनला.

विज्ञानाचे सर दरसाली एक कागद वाटायचे. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशींचा फोटो, सूक्ष्मदर्शकातनं काढलेला. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्यो बी कपाटात, कुलपात, फुटंल म्हणून. त्यामुळं आमी पेशी बघितली ती कागदावरच. विटांच्या भितीवानी एकीला लागून एक पेशी, आन् मधीच एक गोल काळं कडं, लहान पोरीच्या बांगडीसारखं. सर म्हनले ती पेशी न्हाय, काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा हाय. फोटोखाली एक बारकी आडवी रेघ, आन् तिच्यावर लिहिलेलं, १०० मायक्रोमीटर. म्हंजी खऱ्या कांद्यावर तेवढी जागा शंभर मायक्रोमीटरच भरती. एका मिलिमीटरात हजार मायक्रोमीटर असत्यात. मंग कागदावरची रेघ पट्टीनं मोजायची, तिचे मायक्रोमीटर करायचे, शंभरानं भागायचं, जेवढं येईल तेवढ्या पट पेशी मोठी दिसायलीय. त्याला आवर्धन म्हणत्यात.

मला हे लई आवडलं हुतं. उसाच्या फडात सगळं नजरेनं चालायचं, मुकादम म्हणंल ते वजन, मुकादम म्हणंल तेवढी मोळी, आन् इथं कुणाचं काय म्हणणं न्हाय, पट्टी लावा आन् बघा. डोळ्याला न दिसणारं सुदीक मोजता येतं म्हणून म्या लई खूष हुते.

माझी पट्टी मोडकी हुती. तोडीवर असताना खोपीम्होरं बैलानं तिच्यावर पाय दिला आन् पयला सेंटीमीटर तुटून गेला, पट्टी एकापसनंच सुरू व्हायची. म्या मोजायचे आन् शेवटी एक वजा करायचे. सवयच झालती. त्या दिवशी बी रेघ मोजली, अडीचवर संपली, एक वजा केला, दीड सेंटीमीटर. म्हंजी पंधरा मिलिमीटर. म्हंजी पंधरा हजार मायक्रोमीटर, भागिले शंभर. दीडशे पट. दोनदा मोजलं. दीडशेच.

चाचणीत सगळ्यांनी शंभर लिहिलं हुतं. गाईडात शंभर हुतं न. माझ्यापशी गाईड न्हवतं.

सरांनी मला फळ्यापशी उभं केलं. "दीडशे कुठनं आणलंस गं?"

"मोजलं, सर."

"कशानं मोजलं? आण बरं इकडं."

पट्टी दिली. त्यांनी ती दोन बोटात धरली, वर उचलली, सगळ्या वर्गाला दावली. "बघा रे! हिच्या पट्टीला सुरवातच न्हाय!" वर्ग हासला. पुढच्या बाकावरची मैतरीण बी हासली, म्या बघितलं. सरांना हासल्यावर लई चेव यायचा, मंग म्हनले, "अगं बाई, कोयता धर कोयता. पट्टी धरायचं काम तुझं न्हवं." म्या म्हनलं, सर, एक वजा केलाय म्या. पर माझा आवाज माझ्यापतूरच ऱ्हायला. सरांनी लाल पेनानं पेपरावर केवढा तरी भोपळा काढला आन् त्याला दोन डोळे काढले.

बाजारच्या दिवशी दादा त्यांना दिसला. सरांनीच हाक मारली म्हणं. म्हनले, "पोरीला झेपत न्हाय हो, उगं कशाला बसवून ठिवलीय?" दादाला तेवढंच पायजे हुतं. तोडीला मुकादम एकट्या गड्याला धरत न्हाय, नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, त्यामुळं आमच्यात पोरगी घरात बसली की लोकांना ती अर्धा कोयताच दिसती. दिवाळी सरली, लगीन लागलं आन् माझा पुरा कोयता झाला. परीक्षेला बसलेच न्हाय. पास नापास लांबच.

आन् सगळ्यात वाईट काय सांगू, म्या मानलं हुतं. म्हनलं सर शिकलेले हायेत, पट्टीच मोडकी, चुकलंच आसंल माझं. उसाच्या पात्यानं हात चिरायचे तवा तेच डोक्यात यायचं, अडीच, वजा एक, दीड, इथं काय चुकलं बाई. पट्टी टाकून दिली न्हाय. पेटीत लुगड्याखाली ठिवली.

आता औंदाचं सांगते. माझे मालक आता ट्रॅक्टरवर डायवर असत्यात, घरी आमी तिघीच, आत्या, म्या आन् माझी नणंद. तिला मी वन्स म्हणते, वयानं ल्हान हाय तरी. वन्स दहावीला, त्याच शाळंत, त्याच सरांच्या हाताखाली. तिची जीभ लई तिखट. म्या पुस्तकात डोकावलं की म्हणायची, "वैनी, भाकरी करपंल, तुमाला काय कळायलंय त्यातलं?" मला राग यायचा. पर बोलायचे न्हाय, घाबरायचे. म्या सगळ्यांनाच घाबरते, खोटं कशाला सांगू.

पोळा झाल्यावर एक दिस वन्सनं दप्तरातनं कागद काढला आन् माझ्या हातातलं पीठ खाली सांडलं. तेच कांद्याचं, तीच काळी बांगडी. इतकी वर्सं झाली तरी त्योच कागद.

वन्स म्हनली, "पट्टी शाळेतच ऱ्हायली, जाऊ दे, गाईडातलं उतरून काढते."

म्या म्हनलं, "उतरू नका. मोजा." आन् पेटीतनं पट्टी काढून दिली. का दिली? मला बघायचं हुतं, दुसऱ्याच्या हातानं बी दीडशेच येतं का. वन्सला सांगितलं, हिला एक वजा करावा लागतो. ती हासली, पर तिनं मोजलं. दीडशे.

तिनं चाचणीत तेच लिहिलं. आन् शून्य घेऊन घरी आली.

पट्टी माझ्या अंगावर फेकली. "तुमच्या पट्टीनं माझं वाटुळं केलं, वैनी! सर म्हनले, ही अक्कल कुणाची?" रडून रडून तिचं नाक लाल झालं. खरं सांगते, एक घटकाभर मला बरं वाटलं. म्हनलं बघ, कसं लागतं ते. मंग आत्यांचा फोन वाजला. सरांचा हुता. आत्या नुसतं व्हय व्हय म्हणत ऱ्हायल्या, फोन ठिवला आन् म्हनल्या, "सर म्हणायलेत, पोरीला झेपत न्हाय."

तेच शबूद. त्याच माणसाचे.

आत्यांनी लगीच काढलं. मुकादमाच्या पुतण्याचं स्थळ कवापसनं आलं हुतं, त्याला कोयता जोडायचाय, पोरगी पायजे. "रविवारी बघाय बोलवते. सुपारी फोडून ठिवू, वय भरलं की लगीन. शाळंचं काय, रविवारपतूर जायाचं तर जा." वन्स रडायचीच थांबली. मला म्हनली, "वैनी, तोडीला गेल्यावर हात लई चिरत्यात का?"

ती इतकं हळू कधीच बोलली न्हवती. म्या माझे हात पदराखाली घेतले.

त्या रात्री झोप न्हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी, आत्या शेरडं घेऊन गेल्यावर, म्या वन्सचं गाईड उघडलं. त्यात त्योच फोटो. त्याच पेशी, तीच बांगडी, खाली छापलेलं, आवर्धन शंभर पट. पर फोटो बारका. कागदावरची बांगडी मोठी आन् गाईडातली बांगडी बारकी. म्या कागद गाईडावर ठिवला, उजेडापशी धरला, बुडबुडा बुडबुड्यात बसंना. गाईडातली रेघ मोजली. दोनवर संपली. वजा एक. एक सेंटीमीटर, दहा हजार मायक्रोमीटर, भागिले शंभर, शंभर.

म्हंजी गाईडात शंभर बरूबर. आन् कागदावर दीडशे बरूबर. कागदच मोठा केलाय कुणीतरी! रेघ बी फोटोसंगं मोठी झाली, पर उत्तर गाईडातलं तेवढंच ऱ्हायलं.

माझं डोकं असं गरम झालं, तांब्याभर पाणी पिले तरी न्हाय निवलं. इतकी वर्सं. पट्टी बरूबर हुती. म्या बरूबर हुते. त्या माणसानं एकदा, नुसतं एकदा, सोता पट्टी लावून बघितली असती तर. त्याच्यापशी तर आख्खी पट्टी हुती!

दुसऱ्या सकाळी आत्यांना सांगितलं पोरीचा डोस हाय, कागद, गाईड आन् पट्टी पिशवीत घातली, आन् पोरगी काखंला मारून परंड्याची गाडी धरली. एसटी स्टँडासमोर झेरॉक्सवाला हाय, शाळंचे कागद त्याच्याकडंच निघत्यात. त्याला कागद दावला.

"हां, ह्यो व्हय? सर दरसाली आणत्यात. गाईडातला फोटो, दीडपट मोठा करून दे म्हणत्यात."

"का मोठा?"

"मागच्या बाकावरच्या पोरांना दिसावा म्हणून. का वो, काय झालं?"

"काय न्हाय, दादा. मला त्योच फोटो गाईडातनं तिप्पट मोठा करून द्या. त्याच्या म्होरं जाईल तेवढा बी द्या एक, मोठ्या कागदावर."

मोठ्या कागदावर पेशी माझ्या पोरीच्या दंडाएवढी झाली. पोरीनं बुडबुड्यात मूठ घालून बघितली. झेरॉक्सवाला हासला, "ताई, भितीला लावायचंय का?" म्हनलं, "व्हय, भितीलाच लावते."

शाळा वाटंतच हाय. तिथं उतरले. वर्गाच्या दारापतूर गेले आन् पाय उचलंना. तेच दार, त्योच हिरवा रंग, उंबऱ्याचा तुटका कोपरा सुदीक तसाच. म्या माघारी फिरले हुते, देवाशप्पथ फिरले हुते. पर पोरगी "ऊं" करून वरडली आन् सरांनी बघितलं.

"काय वो ताई? कुणाच्या पालक?"

वळखलं न्हाय. मला वळखलंच न्हाय त्या माणसानं! म्या त्याचा शर्ट, त्याचा लाल पेन, पट्टी धरलेली दोन बोटं, सगळं ध्यानात ठिवलं, आन् त्यो मला ताई म्हणायलाय. तिथं माझं भ्याव गेलं. म्हंजी गेलं न्हाय, पर त्याला उंबऱ्याभायेर ठिवलं आन् म्या आत गेले.

"सर, एक गणित अडलंय. ह्या फोटोचं आवर्धन काढून दावा." आन् तिप्पट मोठा कागद टेबलावर ठिवला.

सरांनी नुसतं बघितलं. "हा तर आपलाच कांदा! शंभर पट." पोरांकडं बघून हासले.

"मोजून दावा, सर."

"अहो ताई, मोजायचं काय त्यात?"

"तुमीच शिकवता न, रेघ मोजायची म्हणून. ही घ्या पट्टी."

पट्टी त्यांच्या हातात दिली. वन्स तिसऱ्या बाकावर, तोंडावर ओढणी धरून बसलेली. सरांनी पट्टी रेघंला लावली, घाईत लावली, मोडक्या टोकापसनं, आन् म्हनले, "चार. चार सेंटीमीटर. म्हंजी..." फळ्यावर लिहाय गेले, चाळीस हजार, भागिले शंभर, चारशे. चारशे लिहिलं आन् हात तिथंच थांबला. गाईड म्हणतं शंभर, फळा म्हणायलाय चारशे.

मागनं कुणीतरी फिसकन हासलं. आन् वन्स उभी ऱ्हायली, तोंडावरची ओढणी काढली, आन् खणखणीत म्हनली, "एक वजा करा, सर! त्या पट्टीला एक वजा करावा लागतो!"

आख्खा वर्ग हासला. तसाच हासला, माझ्या टायमाला हासला हुता तसा, आन् मला लई ग्वाड लागलं ते. लई म्हंजी लई. कुणाला वाईट वाटू दे.

सरांनी पट्टी वर उचलली, दोन बोटात, तुटक्या टोकाकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मंग परत पट्टीकडं. त्यांनी पट्टी वळखली. मला न्हाय, पट्टीला.

"तू... ती तोडवाल्याची का गं?"

"व्हय."

म्हनलं आता काय बोलंल ह्यो. काय बोलला आसंल? खडू घेतला, चारशे पुसलं, तीनशे लिहिलं, आन् पोरांना म्हनला, "लिहून घ्या रे. फोटो मोठा केला की आवर्धन बदलतं, कायम रेघ मोजूनच उत्तर काढायचं. आज मुद्दाम ह्या ताईंना बोलवलं होतं." मुद्दाम! बोलवलं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं त्या टेबलावर डोकं आपटावं, माझं न्हवं, त्याचं.

मंग माझ्याजवळ येऊन हळूच म्हनला, "शिकायला पायजे हुतंस तू."

हे वाक्य म्या इसरणार न्हाय. भोपळा इसरंन, त्याचे डोळे इसरंन, हे न्हाय. म्या म्हनलं, "तुमी ठरवलं तेवढं शिकले." त्याला वाटलं म्या आदरानं म्हनले, मान डोलावली त्यानं.

"आता फोन लावा, सर."

"कुणाला?"

"आमच्या आत्यांना. पोरीला झेपत न्हाय म्हनला हुतात न, आता चूक माझी हुती म्हणा. आत्ता, माझ्या म्होरं. न्हायतर ह्यो दुसरा कागद, ह्याच्यापेक्षा बी मोठा हाय, हेडमास्तरांच्या दाराला चिकटवते आन् खाली तुमचं उत्तर लिहिते."

कुठनं आलं हे तोंडात, मला म्हाईत न्हाय. सरांनी वर्गाकडं पाठ केली, फोन लावला. म्हनले, तपासण्यात जरा गडबड झाली, पोरगी हुशार हाय, परीक्षेला बसवाच. आत्या काय म्हनल्या ऐकू आलं न्हाय. नेमकी तवाच माझी पोरगी भोकाड पसरून रडली, फोनमधी, अशी की फोनची गरजच न्हवती. सरांनी फोन ठिवला. म्या त्यांच्या हातनं पट्टी काढून घेतली. देईनात लवकर. म्हनलं, "माझीय ती."

वन्स आन् म्या एकाच गाडीनं आलो. पोरगी तिनं घेतली आन् घरापतूर धरली. दारात आत्या बसलेल्या.

"डोस दिला का गं?"

म्या चपला काढाय वाकले.

"फोनमधी नातीचा आवाज म्या वळखते. शाळंत डोस मिळायला लागला वाटतं." मंग वन्सला म्हनल्या, "रविवारच्या लोकांना नगं म्हणून कळवलंय. परीक्षा होऊ दे, मंग बघू." मला म्हनल्या, "सर किती मनाचे मोठे, चुकलं म्हणून सोताहून फोन केला." आन् शेरडांना पाणी दाखवाय गेल्या.

मनाचे मोठे. म्या चुलीत लाकूड असं घातलं की ठिणग्या उडाल्या.

वन्स आता रोज जाती. परीक्षेपतूर तरी जाईल, पुढचं म्हाईत न्हाय, आत्या आत्याच हायेत. मोठा कागद म्या खोलीत भितीला लावलाय, झोळीसमोर. पोरगी उठली की पयलं बुडबुड्याकडं बोट करती.

सर, वाचत असाल तर ऐका. माझं वरीस तुमी माघारी देऊ शकत न्हाय, आन् म्या मागत बी न्हाय, मला ते तुमच्या हातचं नगंच. पर आता दरसाली कागद काढला की तुमाला पट्टी लावावी लागंल, दर खेपंला, वाकून, डोळे बारीक करून, कारण पोरांना सांगून बसलाय तुमी. लावा. आन् लावली न्हाय तर ध्यानात ठिवा, माझी पोरगी त्याच वर्गात येणार हाय, आन् तुमी तवर निवृत्त झाला न्हाय तर तुमच्याच म्होरं बसणार हाय. तिला म्या चालायच्या आधी मोजाय शिकवायलेय. पट्टी तीच देणार हाय.

उठली. रडायली. जाते.